शिंपी आणि छीपा : वस्त्रालंकरणाच्या शिक्षणाचा एक शब्देतिहास

(१)

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले जाते. नामदेवांचा काळ सामान्यतः इ. स. १२७० ते १३५० असा धरतात. मराठी अभंगांत त्यांचे कुळ शिंप्याचे म्हणून येते. इ. स. १६०४ मध्ये संकलित झालेल्या आदिग्रंथात त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत. त्यांत मात्र त्यांच्या कुळाचे नाव छीपा असे आढळते. मराठीत शिंपी म्हणजे कपडे शिवणारा. उत्तरेत छीपा म्हणजे लाकडी ठशांनी कापड छापणारा. एकाच पुरुषाच्या कुळाला दोन प्रांतांत दोन नावे असावीत आणि त्यांचे अर्थही भिन्न असावेत, ही गोष्ट केवळ संतचरित्राच्या अभ्यासकांपुरती नाही. कापडाच्या पृष्ठभागावर एकच आकृती पुनःपुन्हा मांडून नक्षी सिद्ध करण्याच्या विद्येस आज ‘सरफेस पॅटर्न डिझाइन’ म्हणतात. ही विद्या एका पिढीकडून दुसरीकडे कशी गेली, या प्रश्नाशीही वरील शब्दभेद निगडित आहे. त्याचा थोडक्यात विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

(२)

प्रथम ध्वनींचा विचार करू. प्राकृतातील छकाराचा मराठीत सकार होतो व पुढे इकार अथवा एकार असल्यास शकार होतो, हे झ्यूल ब्लॉक यांच्या मराठी भाषेच्या घडणीवरील ग्रंथामुळे (१९२०) अभ्यासकांस परिचित आहे. हिंदी छुरी, मराठी सुरी. हिंदी पूछना, मराठी पुसणे. हिंदी कछुआ, मराठी कासव. हिंदी छींक, मराठी शिंक. यांतील शेवटची जोडी आपल्या शब्दास अगदी जवळची आहे. छीप्यांचे पंजाबातील नाव छींबा असे आहे. अनुनासिकानंतरचे अघोष व्यंजन पंजाबीत घोष होते (दात, पाच यांस तेथे दंद, पंज म्हणतात), हे ध्यानी घेतल्यास छींबा व शिंपी ही एकाच शब्दाची दोन प्रांतिक रूपे ठरू शकतात.

परंतु ‘ठरू शकतात’ याहून अधिक म्हणता येत नाही. शिल्पिन् या संस्कृत शब्दापासून सिप्पि व त्यापासून अनुनासिक होऊन शिंपी, ही व्युत्पत्तीही ध्वनिदृष्ट्या अशक्य नाही. शिवाय नामदेवांची पदे ग्रंथात येण्यापूर्वी सुमारे अडीचशे वर्षे उत्तरेतील लोकांच्या मुखी होती. गाणाऱ्याने परक्या शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द घातला असणे संभवनीय आहे. तेव्हा नामदेव कापड छापीत असत, असा निष्कर्ष या शब्दावरून काढणे धाडसाचे होईल.

मात्र एक गोष्ट निश्चित आहे. पंजाबातील छींबा समाजात छापणारे, रंगविणारे व शिवणारे असे तिन्ही व्यवसाय एकत्र आढळतात. महाराष्ट्रात रंगविणे व छापणे हे मुख्यतः भावसार अथवा रंगारी यांच्याकडे, तर शिवणे शिंप्यांकडे राहिले. राजस्थानातील हिंदू छीपा समाज तर नामदेवांना आपले संत मानतो. म्हणजे शब्द मूळचा एक असो वा नसो, उत्तरेतील कारागिरांनी त्यात आपला धंदा ओळखला.

(३)

हा धंदा शिकविण्याची रीत कोणती होती? जयपूरजवळील बगरू व सांगानेर येथील छीप्यांची परिभाषा येथे उपयोगी पडते. आकृतीची बाह्यरेषा उमटविणारा ठसा तो ‘रेख’, आतील रंग भरणारा ‘दत्ता’ आणि पार्श्वभूमी भरणारा ‘गद’. ही तीन नावे पाठ झाली की एका नक्षीस ठसे किती लागतात व प्रत्येकाचे काम कोणते, हे मुलास आपोआप कळते. पुढचा ठसा कोठे टेकवावयाचा हे कोपऱ्यांवरील सूक्ष्म खुणा सांगतात. पुनरावृत्तीचा हिशेब अशा रीतीने लाकडातच कोरलेला असतो. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवितात; मग लोखंड व गूळ यांच्या मिश्रणाने काळा आणि तुरटीच्या साहाय्याने तांबडा रंग धरतो. कैरोजवळील फुस्तात येथे सापडलेल्या गुजराती छापील सुती कापडांपैकी काही तुकडे नामदेवांच्याच काळातील आहेत. त्यावरून या विद्येची व्याप्ती समजते.

(४)

एकोणिसाव्या शतकात ही विद्या कागदावर आली. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात हिंदी वस्त्रांची नक्षी पाहून प्रभावित झालेल्या ओवेन जोन्स यांनी १८५६ मध्ये अलंकरणाचे ‘व्याकरण’ प्रसिद्ध केले व आरंभी ३७ सूत्रे मांडली. पुढच्याच वर्षी मुंबईत सर ज. जी. कलाशाळा सुरू झाली. व्याकरण हा शब्द जोन्स यांनी रूपकाने वापरला. गणिताने तो पुढे सार्थ केला. सपाट पृष्ठभागावर दोन दिशांनी पुनरावृत्त होणाऱ्या नक्षीचे प्रकार केवळ १७ आहेत, हे फेदोरोव यांनी १८९१ मध्ये सिद्ध केले. मोजक्या नियमांतून अगणित वाक्ये, तशाच मोजक्या मांडण्यांतून अगणित नक्षी. छीप्यांच्या हातून यांतील कित्येक मांडण्या घडत होत्या. त्यांस त्या सूत्ररूपाने सांगण्याची गरज पडली नव्हती.

(५)

आज तिसरी अवस्था आली आहे. केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले. त्याखेरीज अनेक खाजगी ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत. नरसीतील विद्यार्थिनीस घर न सोडता ही कला शिकता येईल, आणि ती कोणत्या जातीत जन्मली हे तिला कोणी विचारणार नाही. हा लाभ लहान नव्हे; ठशाची विद्या पूर्वी प्रायः घराण्याबाहेर जात नसे. परंतु रिपीट, हाफ-ड्रॉप हे शब्द तिला इंग्रजीतूनच भेटतील. उभ्या ओळींपैकी एकाआड एक ओळ अर्ध्या आकृतीने खाली सरकविणे, एवढाच हाफ-ड्रॉपचा अर्थ. पण त्यास रूढ मराठी शब्द नाही.

मराठीची स्थिती येथे लक्षणीय आहे. आकृतींची नावे आपल्याकडे विपुल आहेत : बुट्टी, वेल, कोयरी, पैठणीतील मोर, मुनिया, असावली. मांडणीची नावे मात्र त्या मानाने थोडी : चौकडी, जाळी, पट्टा, लहर. नवा अभ्यासक्रम प्रामुख्याने मांडणीच शिकवितो, आणि तेथेच आपला शब्दसंग्रह तोकडा पडतो. ही उणीव कोशकाराने घरी बसून नवे शब्द पाडल्याने भरून निघणार नाही. हिंगोली, परभणी, नांदेड या भागांतील भावसार व शिंपी कुटुंबांतील वृद्धांकडून, तसेच बंजारा स्त्रियांच्या भरतकामातून, मांडणीचे जे शब्द अद्याप जिवंत असतील ते प्रथम टिपून घेतले पाहिजेत. पदव्युत्तर प्रबंधास हा विषय सर्वथा योग्य आहे. शिंपी या शब्दात परप्रांतातील छीप्यास आपला धंदा ओळखता आला; उद्याच्या पाठातील शब्दांत येथील रंगाऱ्याच्या नातीलाही तो ओळखता यावा, एवढे साधले तरी हे संशोधन कारणी लागेल.