गिनतीची कुळकथा

वऱ्हाडातल्या दर्यापूरचा पोरगा सैन्यात भरती झाला की त्याच्या हाती बंदूक येण्याआधी गिनती येते. पहाटेची पीटी आटोपून ड्रिलच्या मैदानावर पोचलं की उस्तादाचा आवाज कानावर पडतो: ‘गिनती से, दाहिने मुड!’ यात सरळ वळून मोकळं व्हायचं नसतं. उजव्या टाचेवर आणि डाव्या चवड्यावर शरीर फिरवायचं आणि तिथेच खिळून राहायचं. ‘दो’ ऐकू आलं की मागचा पाय उचलून आपटायचा. मधला थांबा सगळ्यांनी एका आवाजात मोजायचा. एकाचा हात हलला तर रगड्याची शिक्षा बहुधा सगळ्या तुकडीला. मग मेस, वर्ग, शस्त्राची ओळख, संध्याकाळचा रोल कॉल, रात्री बुटांना पॉलिश, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच गिनती. चालता-वळता येणाऱ्या धडधाकट पोराला वळणं शिकवायचं कशासाठी, हा प्रश्न प्रत्येक रंगरूटाच्या मनात येतोच.

त्याचं उत्तर चारशे वर्षांपूर्वीच्या नेदरलँड्समध्ये आहे. तेव्हाची बंदूक पेटत्या वातीवर चाले. हातात जळती वात आणि त्याच हातांनी दारू ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची. एकाची घाई झाली तर ठिणगी शेजाऱ्याच्या दारूत. शिवाय बार भरायला वेळ लागे, तेवढ्यात शत्रू अंगावर येई. 1594 मध्ये विल्यम लुई या सरदाराने आपला चुलतभाऊ, सेनापती मॉरिस याला पत्रातून तोडगा सुचवला: पहिल्या रांगेने बार काढून मागे जायचं, भरत राहायचं, तोवर दुसरी रांग बार काढील. रोमन सैन्याच्या जुन्या वर्णनांवरून त्याला हे सुचलं होतं. पण त्यासाठी सगळ्यांचे हात एकाच वेगाने चालायला हवे होते. म्हणून बार भरण्याचे चाळीसहून अधिक टप्पे पाडले गेले. 1607 मध्ये याकोब द खेन याचं पुस्तक आलं, त्यात प्रत्येक टप्प्याला एक चित्र आणि एक हुकूम होता. आजची गिनती या घराण्यातली.

आपल्याकडे ही कवायत फ्रेंच आणि इंग्रज पलटणींतून आली. फ्रेंच सेनानी बुसीकडे तयार झालेला इब्राहिमखान गारदी पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला. 1784 नंतर महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपियन अधिकाऱ्याकडून स्वतःच्या पलटणी उभ्या करवल्या. वऱ्हाडाने कवायतीचं खरं मोल पाहिलं ते 29 नोव्हेंबर 1803 रोजी, अकोटच्या पुढे अडगावला. नागपूरकर भोसल्यांच्या तोफा सुरू होताच इंग्रज सेनापती वेलस्लीच्या काही शिपाई पलटणी मोडून पळाल्या. हेच शिपाई दोन महिन्यांपूर्वी असईच्या लढाईत पाय रोवून उभे होते. वेलस्लीने त्यांना तोफांच्या माऱ्याबाहेर नेलं, पुन्हा रांगा लावल्या, पुन्हा पुढे आणलं आणि दिवस जिंकला. भीती सगळ्यांनाच वाटते. मोडलेली रांग पुन्हा लावता येणं, हे कवायतीचं काम. भोसल्यांच्या बाजूने शौर्य कमी नव्हतं. पंधरवड्यानंतर गाविलगडावर किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. त्याच्या मरणाची आठवण आपण जपतो तशी या हरण्याची कारणंही शिकायला हवीत, असं मला वाटतं.

खुद्द वऱ्हाडातही, अचलपूरला, नवाब सलाबतखानाने 1788 मध्ये पलटणी उभ्या केल्या होत्या. पुढे त्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या हैदराबाद कंटिंजंटमध्ये गेल्या. हे सैन्य नावाने निजामाचं, हुकूम इंग्रजांचा. पगार थकत गेला, निजामावर कर्ज चढलं आणि 1853 मध्ये या सैन्याच्या खर्चापोटी आख्खं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. म्हणजे वऱ्हाडावर इंग्रज आले ते कवायतीचं बिल वसूल करायला. दर्यापूर तालुका 1905 पर्यंत एलिचपूर (म्हणजे अचलपूर) जिल्ह्यातच होता. इथल्या कास्तकाराने भरलेल्या शेतसाऱ्यातूनही कंटिंजंटच्या मैदानांवरची गिनती चालली. 1902 मध्ये वर्षाला 25 लाख रुपयांवर वऱ्हाडाचा कायमचा पट्टा झाला, आणि पुढच्याच वर्षी कंटिंजंट भारतीय सैन्यात विलीन झालं.

पैसा वऱ्हाडाचा होता, पण त्या पलटणींत पुढे कुमाऊँनी, जाट आणि अहीर यांचाच भरणा झाला. इंग्रजांच्या ‘लढाऊ जाती’च्या यादीने कितीतरी घरांना दार बंद केलं. महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस थांबवली होती. महार रेजिमेंट 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला उभी राहीपर्यंत किती पिढ्या बाहेर राहिल्या! आज दर्यापूरचा पोरगा कामठीला गार्ड्समध्ये, सागरला महार रेजिमेंटमध्ये किंवा बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत गिनती शिकू शकतो. ही वाट मागून, भांडून मिळालेली आहे.

अचलपूरची ती जुनी पलटण 1922 मध्ये 19 व्या हैदराबाद रेजिमेंटची चौथी बटालियन झाली आणि 1945 मध्ये रेजिमेंटचं नाव कुमाऊँ पडलं. 3 नोव्हेंबर 1947 रोजी श्रीनगरजवळ बडगामला याच चौथ्या कुमाऊँची एक कंपनी मेजर सोमनाथ शर्मा यांच्यासोबत वेढ्यात सापडली. त्यांचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. तशाच हाताने ते मॅगझिन भरत होते आणि मशीनगनवाल्या जवानांना देत होते. ते तिथेच पडले. देशाचं पहिलं परमवीर चक्र त्यांना मरणोत्तर मिळालं.