ओळखपत्राची मुदत

संकटकाळीं पत्करलेलें बंधन संकट टळल्यावर आपोआप सुटतें काय? इंग्लंडचा इतिहास ‘नाहीं’ असें उत्तर देतो.

१९३९ च्या सप्टेंबरांत महायुद्ध पेटतांच ब्रिटिश पार्लमेंटनें राष्ट्रीय नोंदणीचा कायदा केला. २९ सप्टेंबरची घरोघर नोंद होऊन नागरिकांस ओळखपत्रें मिळालीं. सैन्यभरती, सुरक्षितता व शिधावांटप या हेतूंसाठीं लोकांनीं तीं स्वीकारलीं. संकट संपल्याची राजाज्ञा निघेपर्यंत कायदा चालावयाचा होता. १९४५ सालीं युद्ध संपलें. राजाज्ञा मात्र निघाली नाहीं! पाहुणा घरधनी झाला. पोलीस ओळखपत्र सर्रास मागूं लागले.

७ डिसेंबर १९५० रोजीं फिंचले येथें शिपायानें क्लॅरेन्स विलकॉक यांची मोटार अडवून ओळखपत्र मागितलें. त्यांनीं साफ नकार दिला. खटला वरिष्ठ न्यायालयांत गेला. १९५१ च्या जूनमध्यें लॉर्ड गॉडर्ड यांनीं कायदा अद्याप जिवंत असल्याचा निर्णय दिला. परंतु तो असा राबविल्यानें कायदा पाळणारे प्रजाजनच कायदा मोडणारे बनतात, असेंहि खडसावलें. २१ फेब्रुवारी १९५२ रोजीं सरकारनें ओळखपत्राची सक्ती उठविली. २००६ सालीं पुन्हां तसा कायदा झाला. २०१० च्या सत्तांतरानंतर तोहि रद्द झाला.

जन्मभर हजेरीपट लिहिलेल्या माझ्यासारख्या शिक्षकास नोंदीचें महत्त्व ठाऊक आहे. परंतु नोंद कशासाठीं व कोठवर, हें आरंभींच लिहून ठेवावें. मुदतीवांचून दिलेला अधिकार कोणी आपण होऊन परत करीत नाहीं. तो मागावा लागतो.