लकव्यानंतर बुद्धीची तपासणी : ऑक्युपेशनल थेरपिस्ट नेमकं काय पाहतात?

लकवा मारला की घरातल्या सगळ्यांचं लक्ष हाता-पायाकडे असतं. रुग्ण काठी घेऊन चालू लागला की अल्हम्दुलिल्लाह म्हणून आपण निश्चिंत होतो. मग हळूहळू कळतं की अब्बा ताटातला डाव्या बाजूचा भात तसाच ठेवतात, गॅस चालू ठेवून उठतात, दुकानात पाचशेची नोट देऊन सुटे न घेताच परततात. घरचे म्हणतात, ‘हट्टी झालेत.’ पुष्कळदा तो हट्ट नसतो, मेंदूला झालेली इजा असते. ती शोधून काढण्याचं बरंचसं काम ऑक्युपेशनल थेरपिस्ट करतात.

भारतात हा अभ्यासक्रम 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केला. तरी आजही आपल्याकडे लोक त्यांना ‘व्यायाम करून घेणारे’च समजतात.

थेरपिस्ट लगेच कागद-पेन्सिल काढत नाहीत. आधी रुग्णाला नीट ऐकू येतं का, चष्मा लावलाय का, बोललेलं समजतं का, शिक्षण किती, तो उदास किंवा थकलेला आहे का, हे बघतात. यातलं काहीही बिघडलेलं असेल तर चाचणीचा निकाल फसवा येतो. त्यानंतर ‘मोका’ म्हणजे मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंटसारखी छोटी चाचणी होते. घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची, शंभरातून सात-सात वजा करत जायचं, पाच शब्द थोड्या वेळाने आठवून सांगायचे. एकूण गुण 30. साधारण 26 किंवा त्याहून जास्त आले तर ठीक. शिक्षण बारा वर्षं किंवा कमी असेल तर एक गुण वाढवून देतात. पण जी दादी कधी शाळेतच गेली नाही, तिचा हिशेब एका गुणाने कसा जुळणार? म्हणून नुसत्या आकड्यावरून कुणी ‘डोकं गेलं’ म्हणालं तर ते मान्य करू नका, असं आम्हाला वाटतं. वाचा गेलेल्यांचंही तसंच. त्यांच्यासाठी ऑक्सफर्ड कॉग्निटिव्ह स्क्रीन ही खास लकव्याच्या रुग्णांसाठी बनवलेली चाचणी आहे. तिच्यात बोलण्यावर फार भर नाही.

ताटातल्या अर्ध्या भाताचं कारण बहुधा ‘निग्लेक्ट’. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की डावीकडचं जग जणू रुग्णासाठी उरतच नाही. डोळे चांगले असूनही तसं होतं. कागदभर विखुरलेल्या चांदण्यांपैकी लहान तेवढ्या खोडायला सांगितल्या की तो उजवीकडच्याच खोडतो आणि ‘झालं’ म्हणतो. आपलं काही चुकलंय हेच त्याला पटत नाही, म्हणून घरात भांडणं होतात.

खरी परीक्षा मात्र कामातच होते. ‘केटल टेस्ट’मध्ये रुग्णाला दोन वेगवेगळी गरम पेयं बनवायला देतात, एक स्वतःसाठी आणि एक थेरपिस्टसाठी. दुसऱ्या एका चाचणीत साधा स्वयंपाक, फोन लावणं, औषधं घेणं आणि बिल भरणं अशी चार कामं असतात. काम झालं की नाही एवढंच बघत नाहीत. किती मदत लागली तेही नोंदवतात : नुसतं आठवण करून देणं पुरलं, खूण करावी लागली, की हात धरून करून घ्यावं लागलं. पुढचे उपचार यावरच ठरतात.

इथे घरच्यांनी तोंड उघडायला हवं. वुजू करताना लोटा हातात घेऊन ते थांबतात का, क्रम चुकतो का, किती रकात झाल्या ते मध्येच विसरतात का, हे थेरपिस्टला आपणहून सांगा. विचारायचं त्यांना सुचेलच असं नाही. अम्मीच्या बाबतीत तर जास्तच. सुना सगळं हातात देतात, त्यामुळे तिला काय जमत नाही हे महिनोन्महिने कळतच नाही.

तपासणीला जाताना चष्मा, कानाचं यंत्र आणि चालू औषधं सोबत न्या. प्रश्न विचारताना शेजारून उत्तर सुचवू नका. दुकानावर बसणं, गाडी चालवणं किंवा पैशांचे व्यवहार पुन्हा सुरू करण्याआधी तपासणी परत करून घ्या, कारण पहिल्या काही महिन्यांत बराच फरक पडू शकतो.