पुनर्विकासाचा सल्लागार निवडताना : प्रमाणपत्र मोठे की अनुभव?

- प्रतिनिधी

दादर पूर्वेची हिंदू कॉलनी असो की पश्चिमेचा शिवाजी पार्कचा परिसर, जुन्या तीन-चार मजली इमारतींच्या जागी आता उंच इमारती उभ्या राहत आहेत. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली. त्या आखणीतून वसलेल्या वस्तीचा आज प्लॉटगणिक पुनर्विकास होत आहे. गृहनिर्माण संस्थांच्या सभांमधून विकासकाच्या निवडीवर तासन् तास चर्चा होते. मात्र त्याआधी घ्यावयाचा एक निर्णय पुष्कळदा घाईत उरकला जातो. तो म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराची, अर्थात ‘पीएमसी’ची, निवड.

अशा सभेपुढे साधारणपणे दोन प्रकारचे प्रस्ताव येतात. एकाच्या पत्रकावर नावापुढे ‘पीएमपी’सारखी आंतरराष्ट्रीय बिरुदे असतात, तर दुसऱ्याच्या पत्रकावर ‘तीस वर्षांचा दांडगा अनुभव’ एवढाच दाखला असतो. सभासदांच्या डोक्यावरचे छप्पर दोन-तीन वर्षांसाठी जाणार असल्याने यापैकी कोणावर विश्वास ठेवावा, हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही.

सल्लागाराचे काम

संस्थेचे पदाधिकारी बहुधा बँक, शाळा, सरकारी कार्यालये यांतून निवृत्त झालेले असतात. बांधकामाचे व्यवहार त्यांना ठाऊक असतीलच असे नाही. ही उणीव भरून काढणे हे सल्लागाराचे काम. भूखंडावर किती चटईक्षेत्र मिळू शकते याचा व्यवहार्यता अहवाल करणे, निविदेचा मसुदा तयार करणे, विकासकांचे देकार एकाच मापाने तोलून सभासदांपुढे मांडणे, करारातील तांत्रिक अटी तपासणे आणि काम सुरू झाल्यावर दर्जा व वेळापत्रक यांवर लक्ष ठेवणे, ही त्याची प्रमुख कर्तव्ये. भोगवटा प्रमाणपत्र मिळून कबूल केलेले चटईक्षेत्र प्रत्यक्ष मोजून घेईपर्यंत त्याची जबाबदारी संपत नाही.

राज्य शासनाने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७९ (अ) अन्वये ३ जानेवारी २००९ रोजी पुनर्विकासासंबंधी निर्देश काढले. शासन किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या पॅनेलवरील किमान पाच अनुभवी व तज्ज्ञ वास्तुविशारद अथवा प्रकल्प व्यवस्थापन सल्लागारांकडून दरपत्रके मागवावीत आणि निवड विशेष सर्वसाधारण सभेत करावी, असे त्यात सांगितले होते. ४ जुलै २०१९ रोजी या निर्देशांत सुधारणा करण्यात आली. याच वर्षी शासनाने स्वयंपुनर्विकासाचे धोरणही जाहीर केले. स्वयंपुनर्विकासात विकासक नसतो आणि कर्जाचा भार संस्थेवर असतो. साहजिकच तेथे सल्लागाराच्या चुकीची किंमत थेट सभासदांना मोजावी लागते.

कायदा कोणता कागद मागतो?

‘वास्तुविशारद’ ही उपाधी वापरण्यासाठी वास्तुविशारद अधिनियम, १९७२ नुसार वास्तुकला परिषदेकडे नोंदणी आवश्यक आहे. महापालिकेला नकाशे सादर करणारा नोंदणीकृत वास्तुविशारद किंवा परवानाधारक सर्वेक्षक असावा लागतो, तर इमारतीच्या सांगाड्याची जबाबदारी परवानाधारक संरचना अभियंत्यावर असते. रेरा कायद्यानुसार ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. ती काढण्यासाठी अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल या तिघांचे दाखले लागतात.

‘प्रकल्प व्यवस्थापक’ म्हणून काम करण्यासाठी मात्र अशा कोणत्याही वैधानिक परवान्याची तरतूद नाही. त्यामुळे ‘पीएमसी’ ही पाटी कोणीही लावू शकतो. आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रांना वजन आले ते याच पोकळीमुळे.

‘पीएमपी’चा अर्थ

अमेरिकेत १९६९ मध्ये स्थापन झालेली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही संस्था १९८४ पासून ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल’ म्हणजेच ‘पीएमपी’ हे प्रमाणपत्र देते. ते निव्वळ पाठांतरावर मिळत नाही. परीक्षेला बसण्यासाठी पदवीधराला प्रकल्पांचे नेतृत्व केल्याचा ३६ महिन्यांचा, तर पदवी नसलेल्याला ६० महिन्यांचा अनुभव दाखवावा लागतो. त्याखेरीज ३५ तासांचे प्रशिक्षण आवश्यक असते. काही अर्ज पडताळणीसाठी निवडले जातात आणि अशा वेळी अनुभवाचे दाखले सादर करावे लागतात. प्रमाणपत्र टिकविण्यासाठी दर तीन वर्षांत ६० गुणांचे व्यावसायिक शिक्षण पूर्ण करावे लागते. म्हणजेच या प्रमाणपत्राच्या मुळाशीही अनुभवच आहे.

सगळ्या प्रमाणपत्रांचे असे नाही. ब्रिटिश सरकारी यंत्रणेतून पुढे आलेल्या ‘प्रिन्स-२’च्या पायाभूत परीक्षेला अनुभवाची अट नाही. ‘पीएमपी’ देणाऱ्या संस्थेचेच ‘सीएपीएम’ हे प्रमाणपत्र नवोदितांसाठी असून त्याला २३ तासांचे प्रशिक्षण पुरते. याउलट युरोपातील ‘आयपीएमए’ या संघटनेच्या चार स्तरांपैकी वरच्या स्तरांसाठी प्रत्यक्ष अनुभव आणि मुलाखत यांना महत्त्व असते. म्हणून नावापुढील अक्षरे पाहून थांबू नये, ती कोणत्या अटींवर मिळतात हेही विचारावे.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. एक म्हणजे प्रमाणपत्र व्यक्तीचे असते, कंपनीचे नव्हे. पत्रकावर नाव असलेली व्यक्ती प्रत्यक्ष कामावर येणार नसेल, तर संस्थेला त्याचा उपयोग शून्य. दुसरी म्हणजे ‘पीएमपी’साठी लागणारा अनुभव कोणत्याही क्षेत्रातील चालतो. संगणक प्रणाली किंवा औषधनिर्मितीच्या प्रकल्पांवर हे प्रमाणपत्र मिळविलेली व्यक्ती नियोजनात तरबेज असेलही, पण मुंबईची विकास नियंत्रण नियमावली, उपकरप्राप्त इमारतींचे नियम किंवा भाडेकरूंचे हक्क यांविषयी त्या परीक्षेत काही विचारले जात नाही.

अनुभवाचे बळ आणि त्याची मर्यादा

अनुभवाची थोरवी दादरकरांना वेगळी सांगावयास नको. येथून गावी जाणाऱ्या चाकरमान्यांच्या पिढ्यांनी कोकण रेल्वेची वाट पाहिली. १९९० मध्ये स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळाची धुरा ई. श्रीधरन यांच्याकडे आली आणि डोंगर, नद्या, भुसभुशीत माती, गोव्यातील मार्गाविरुद्धचे आंदोलन या साऱ्यांतून वाट काढत १९९८ मध्ये रोहा ते मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा मार्ग पूर्ण झाला. त्यापूर्वी, १९६४ च्या डिसेंबरातील चक्रीवादळाने उद्ध्वस्त झालेला पांबनचा रेल्वे पूल त्यांनी अवघ्या ४६ दिवसांत दुरुस्त करून दाखविला होता. रेल्वेच्या कामावरील अशा अनेक वर्षांतून तयार झालेली निर्णयशक्ती कोणत्याही परीक्षेतून मिळत नाही.

पण अनुभवही शिळा होतो. फंजिबल चटईक्षेत्राची तरतूद २०१२ मध्ये आली, रेरा कायदा राज्यात १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला आणि विकास आराखडा २०३४ ची नवी नियमावली २०१८ मध्ये लागू झाली. तीस वर्षांचा अनुभव सांगणाऱ्याने यानंतर एकही प्रकल्प तडीस नेला नसेल, तर त्याचे बरेचसे ज्ञान आता अस्तित्वात नसलेल्या नियमांचे असते. शिवाय अनुभव कोणाच्या बाजूने काम करण्याचा आहे, हेही तपासावे लागते. आयुष्यभर विकासकांसाठी काम केलेल्या सल्लागाराला बांधकाम कळते, परंतु विकासकाला जाब विचारण्याची सवय त्याला असेलच असे नाही. सल्लागाराचे शुल्क अनेकदा अखेरीस विकासकाकडूनच वसूल होते, त्यामुळे हा मुद्दा अधिकच नाजूक ठरतो.

कसोटी कोणती लावावी?

प्रमाणपत्र ही किमान पात्रतेची व शिस्तीची खूण मानावी आणि अंतिम निवड पडताळलेल्या अनुभवावर करावी, हा मार्ग संस्थेच्या हिताचा ठरतो. त्यासाठी पुढील प्रश्न विचारता येतील :

• गेल्या पाच-सात वर्षांत या सल्लागाराच्या देखरेखीखाली किती इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र मिळाले? ‘चालू प्रकल्पां’ची यादी नव्हे, पूर्ण झालेल्यांची यादी मागावी.

• ठरलेली मुदत आणि प्रत्यक्ष ताबा यांत अंतर किती पडले? विक्रीसाठी सदनिका असलेले प्रकल्प महारेराच्या संकेतस्थळावर नोंदलेले असल्यास पूर्णत्वाची तारीख व मिळालेली मुदतवाढ तेथे पाहता येते.

• त्या संस्थांमधील सभासद काय सांगतात? पदाधिकाऱ्यांबरोबरच सामान्य सभासदांनाही भेटावे. गळती, चटईक्षेत्रातील तूट, थकलेले भाडे यांविषयी विचारावे.

• प्रत्यक्ष कामावर कोण येणार, किती वेळा येणार आणि लेखी अहवाल केव्हा देणार? त्या व्यक्तीचे नाव नियुक्तीपत्रात असावे.

• सादर केलेले प्रमाणपत्र चालू आहे का? ‘पीएमपी’धारकांची नोंद देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येते.

• संभाव्य विकासकांपैकी कोणाशी व्यावसायिक संबंध आहेत का? याचे लेखी निवेदन घ्यावे.

• शुल्क कामाच्या टप्प्यांशी जोडलेले आहे का? शेवटचा हप्ता भोगवटा प्रमाणपत्रानंतरच द्यावा.

साइटवरील माणसांसाठी

या प्रश्नाची दुसरी बाजू बांधकामावर घाम गाळणाऱ्यांची आहे. पदविका घेऊन पर्यवेक्षक म्हणून लागलेले अनेकजण वीस वर्षांनंतरही त्याच पदावर राहतात, कारण त्यांच्या अनुभवाचा कागद कोठे नसतो. पदवी नसली तरी ६० महिन्यांच्या अनुभवावर ‘पीएमपी’चा मार्ग खुला आहे, ही माहिती त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचते. प्रत्येक कामाचा कालावधी, स्वतःची जबाबदारी आणि वरिष्ठांचा दाखला यांची नोंद त्यांनी नोकरी सोडण्यापूर्वीच करून ठेवावी. कंपनी बंद पडल्यावर किंवा साहेब बदलल्यावर असे दाखले मिळविणे दुरापास्त होते. अर्ज करण्यापूर्वी पात्रतेचे चालू नियमही पाहून घ्यावेत.

संस्थांनीही निवडीची कारणे सभेच्या इतिवृत्तात सविस्तर नोंदवावीत. कोणत्या सल्लागाराने कोणती कागदपत्रे दिली, कोणत्या इमारतींना भेट दिली, तेथे काय आढळले, हे लेखी असले म्हणजे पुढे वाद उद्भवल्यास कमिटीला आपली बाजू मांडता येते. सभासदांनाही आपले घर कोणाच्या भरवशावर रिकामे केले, हे समजलेले असते.