शुद्धिहरण व रोगप्रतिकारक्षमता

शस्त्रक्रियेसाठी दिलेल्या सर्वांगीण भुलेचा रुग्णाच्या रोगप्रतिकारक्षमतेवर होणारा, बहुधा काही दिवसांत ओसरणारा परिणाम. १८४६ मध्ये बॉस्टन येथे भूल देण्यासाठी ईथरचा जाहीर प्रयोग यशस्वी झाला. पुढे १९११ मध्ये एव्हर्ट्स ग्रॅहॅम यांनी ईथरमुळे श्वेतकोशिकांची जंतुभक्षणाची शक्ती मंदावते, असे दाखविले.

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रक्तातील लसीका कोशिका घटतात व नैसर्गिक मारक कोशिका मंदावतात, हे खरे; परंतु याचे सारे खापर भुलेवर फोडणे अन्यायाचे होय, कारण खुद्द जखमच अधिवृक्क ग्रंथींना चेतवून कॉर्टिसॉल व ॲड्रेनॅलीन रक्तात सोडावयास लावते आणि तीच द्रव्ये या कोशिकांना आवर घालतात. सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन यांसारखी हुंगावयाची औषधे श्वेतकोशिकांच्या चिकटण्यात अडथळा आणतात. प्रयोगशाळेत प्रोपोफॉल हे शिरेतून द्यावयाचे भुलेचे औषध त्यामानाने सौम्य ठरते. मॉर्फीनही मारक कोशिकांना बाधक असले तरी न शमविलेल्या वेदनेची बाधाही कमी नसते. एटोमिडेट या भुलेच्या औषधाचे प्रकरण मात्र गंभीर होते: कॉर्टिसॉल घडविणाऱ्या एंझाइमालाच ते रोखते, आणि अतिदक्षता विभागात ते सतत दिलेल्या रुग्णांत मृत्यू वाढल्याचे १९८३ मध्ये उघडकीस आल्यावर तो प्रघात बंद पडला.

भुलेच्या प्रकाराने कर्करोग उलटण्याचा संभव बदलतो काय, हेही तपासले गेले. डॅनियल सेसलर व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या दोन हजारांहून अधिक स्त्रियांपैकी, प्रादेशिक भूल घेतलेल्या व सेव्होफ्लुरेन घेतलेल्या अशा दोन्ही गटांत हे प्रमाण शेकडा १० च्या आसपासच राहिले.

याहून मोलाची बाब शरीराच्या उष्णतेची. भुलेचा अंमल चढताच त्वचेच्या रक्तवाहिन्या सैल पडून गाभ्यातील उष्णता हातापायांकडे वाहून जाते व तासाभरात तापमान एक ते दीड अंश सेल्सिअसने उतरते; पुढे त्या वाहिन्या आवळल्या की जखमेला प्राणवायू अपुरा पडतो, आणि प्राणवायूवाचून श्वेतकोशिकांना गिळलेले जंतू मारता येत नाहीत. म्हणूनच उष्ण हवेच्या पांघरुणाचा बंदोबस्त करणे हे भूलतज्ज्ञाचे कर्तव्य ठरते. १९९६ च्या एका चाचणीत मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या २०० रुग्णांपैकी ऊब राखलेल्यांत शेकडा ६, तर थंड पडलेल्यांत शेकडा १९ जणांची जखम चिघळली. थंड पडलेल्यांचे टाके एक दिवस उशिरा निघाले व रुग्णालयातील मुक्कामही अडीच दिवसांहून अधिक लांबला.