हिमप्रदेशातील अंगरखा

थंडी म्हटली की कोकणातल्या किंवा विदर्भातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे जाड, वजनदार कोट उभा राहतो. कोट जितका जड तितका तो उबदार, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पुण्याच्या किंवा दिल्लीच्या हिवाळ्यात ती कोणाला फारशी बाधत नाही. परंतु जेथे पारा शून्याखाली चाळीस-पन्नास अंश उतरतो, तेथे अंगावर काय घालावे या प्रश्नाचे उत्तर चुकले म्हणून माणसे प्राणाला मुकली आहेत.

कोट ऊब निर्माण करीत नाही. ऊब शरीराचीच असते. वस्त्र तिला अडवून धरते एवढेच. आणि हे अडवण्याचे कामही खरे पाहता धाग्यांत किंवा केसांत कोंडलेली स्थिर हवा करते. वारा आत शिरला की ही हवा निघून जाते. पाणी शिरले की तिची जागा पाणी घेते. हिमप्रदेशात पाणी बाहेरून यावे लागत नाही. ते माणसाच्या अंगातूनच घामाच्या रूपाने येते आणि कपड्यात गोठून बसते. थंडीत घाम हा शत्रू ठरावा, ही गोष्ट उष्ण देशात वाढलेल्या मनाला सहजासहजी पटत नाही. ती इंग्लंडसारख्या थंड देशातील जाणत्या लोकांनाही पटायला फार दिवस लागले.

१८४५ साली सर जॉन फ्रँकलिन उत्तर अमेरिकेच्या माथ्यावरून जाणारा जलमार्ग शोधण्यासाठी दोन जहाजे घेऊन निघाला. किंग विल्यम बेटाजवळ बर्फाने जहाजे पकडली आणि त्याच्यासह १२९ माणसांपैकी एकही परतला नाही. हे सारे केवळ कपड्यांमुळे घडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. उपासमार आणि आजार यांचा वाटा मोठा होता. पण दर्यावर्दी लोकरी कपड्यांतली ही माणसे जेथे मरत होती, त्याच मुलखात नेटसिलिक इनुइट लोक बायकामुलांसह पिढ्यान्‌पिढ्या संसार करीत होते. इनुइटांची रीत उचलून त्या प्रदेशात हजारो मैल हिंडलेल्या डॉक्टर जॉन रे याने १८५४ साली त्यांच्या तोंडून ऐकलेली फ्रँकलिनच्या माणसांची हकीकत लंडनला कळवली, तेव्हा चार्ल्स डिकन्ससारख्या लेखकाने ‘रानटी’ लोकांच्या साक्षीवर विश्वास कसा ठेवावा, असा सूर लावला. ज्यांची साक्ष चालत नाही, त्यांचा अंगरखा तरी कोण घेणार?

तो घेतला रोआल्ड आमुंडसेन या नॉर्वेजियन तरुणाने. १९०३ मध्ये ‘योआ’ नावाच्या लहानशा जहाजातून सहा सोबत्यांसह तो किंग विल्यम बेटावर पोचला आणि जवळजवळ दोन वर्षे तेथे राहिला. चुंबकीय ध्रुवाचा अभ्यास हे त्याचे जाहीर काम होते. परंतु या मुक्कामातली त्याची मोठी कमाई म्हणजे नेटसिलिक लोकांकडे त्याने केलेली उमेदवारी होय. आपल्याजवळच्या वस्तू देऊन त्याने त्यांच्या स्त्रियांनी शिवलेले कपडे घेतले आणि ते कसे वापरावेत हेही शिकून घेतले.

हा पोशाख कॅरिबू नावाच्या हरणाच्या कातड्याचा असे. या हरणाचे केस आतून पोकळ असतात, म्हणजे प्रत्येक केसातच हवा कोंडलेली असते. उन्हाळा सरताना मारलेल्या जनावराचे कातडे कपड्यांना सर्वांत चांगले. हिवाळ्यातले केस फार लांब आणि झडणारे. स्त्रिया कातडे खरवडून मऊ करीत आणि त्याच हरणाच्या स्नायूंच्या धाग्यांनी शिवीत. असे दोन अंगरखे एकावर एक घालावयाचे: आतल्याचे केस अंगाकडे, बाहेरच्याचे केस बाहेर. पुढून उघडणारी पट्टी नाही, गुंड्या नाहीत, टोपी अंगरख्यालाच शिवलेली. तो डोक्यावरून घालावा लागे. बाह्या ऐसपैस असल्याने हात गारठले तर आत ओढून छातीशी घेता येत. सगळाच कपडा सैल. काम करताना अंग तापले की गळ्याशी थोडी वाट करून द्यावी, गरम हवा वर निघून जाते आणि घाम धरत नाही. घट्ट आणि बंद कपडा अधिक उबदार, या युरोपीय समजुतीला येथे पुरता छेद गेला होता. बर्फाच्या घरात शिरण्यापूर्वी अंगरख्यावरचे हिमकण एका खास काठीने झोडून काढीत, नाही तर आतल्या उबेने ते वितळून कातडे भिजवीत. कपडा शिवणे ही अर्धी विद्या होती. तो कोरडा राखणे ही उरलेली अर्धी.

आमुंडसेनने ही विद्या दक्षिण ध्रुवावर नेली. तोही चुकला नाही असे नाही. ८ सप्टेंबर १९११ रोजी घाईने निघाल्यावर पारा शून्याखाली पन्नास अंशांच्याही खाली गेला, काहींच्या टाचा हिमदंशाने गेल्यासारख्या झाल्या आणि त्याला माघारी यावे लागले. ऑक्टोबरात तो पुन्हा निघाला, १४ डिसेंबर १९११ रोजी ध्रुवावर पोचला आणि चारही सोबत्यांसह सुखरूप परतला.

त्याचा प्रतिस्पर्धी कॅप्टन स्कॉट याची निवड वेगळी होती: अंगात लोकर आणि वरून गॅबर्डीन. हे घट्ट विणीचे वाराबंद कापड इंग्लंडच्या टॉमस बर्बरी याने १८७९ साली शोधून काढले होते. केसाळ कातडे स्कॉटने झोपण्याच्या पिशव्या, पादत्राणे आणि हातमोजे यांपुरते ठेवले. ही निवड मूर्खपणाची होती असे उठल्यासुटल्या म्हटले जाते, ते बरोबर नाही. गॅबर्डीन आमुंडसेनपाशीही होते. फरक कामाचा होता. आमुंडसेनच्या गाड्या कुत्री ओढीत. स्कॉटची माणसे स्वतः ओढीत, आणि अशा श्रमात कातड्याच्या कोटात माणूस उकडून निघाला असता. पण मग ओढताना येणाऱ्या घामाचे करायचे काय, याला उत्तर सापडले नाही. १९११ च्या भर हिवाळ्यात स्कॉटचे तीन सहकारी पेंग्विनची अंडी आणण्यासाठी गेले होते. त्यांच्यापैकी ॲप्सली चेरी-गॅरार्ड याने लिहून ठेवले आहे की, सकाळी तंबूबाहेर येऊन त्याने क्षणभर वर मान केली, तोच कपडे गोठून ती मान तशीच अडकली. तेव्हापासून गाडी ओढताना जसे वाकावे लागते तसे वाकूनच ते बाहेर पडत, म्हणजे कपडे निदान त्या आकारात तरी गोठावेत. झोपण्याच्या पिशव्यांचे वजन परत येईतो दुपटीहून अधिक झाले होते. ती भर साऱ्या घामाच्या आणि श्वासाच्या बर्फाची होती. स्कॉट १७ जानेवारी १९१२ रोजी ध्रुवावर पोचला आणि परतीच्या वाटेवर तो व त्याचे चारही सोबती मरण पावले.

हा प्रश्न भारताच्या दारी आला तो अर्ध्या शतकाने. १९६२ च्या शरद ऋतूत थागला कड्याखाली, नामका चू नदीच्या काठी, दहा हजार फुटांहून अधिक उंचीवर भारतीय जवान उभे करण्यात आले. त्यांतील अनेकांच्या अंगावर उन्हाळी सुती गणवेश होते आणि पांघरायला एकेक कांबळे. कपड्यांचा निर्णय जेथे होतो त्या खोलीत बहुधा शेगडी असते, आणि हिमप्रदेशाच्या इतिहासात ही गोष्ट पुनःपुन्हा आढळते. २० ऑक्टोबरला ज्यांनी हल्ला केला त्या चिनी सैनिकांचा पोशाखही काही राजेशाही नव्हता. सुती कापडाचे दोन पदर आणि मध्ये कापूस, म्हणजे ज्या तत्त्वावर आपल्याकडची रजई शिवतात त्याच तत्त्वावरचा कोट. त्यातही हवाच कोंडलेली होती.

त्या हिवाळ्यात देशभर घरोघरी स्त्रियांनी जवानांसाठी स्वेटर विणले. त्या विणकामामागच्या मायेला मोल नाही. तरी हातविणीच्या लोकरीतून डोंगरमाथ्यावरचा वारा आरपार जातो. तिच्यावर वाराबंद कापड हवेच, आणि ते घरी विणता येत नाही.

पुढे १९८४ साली सियाचीन हिमनदीवर चढाई करण्याचे ठरले, तेव्हा पहिली फिकीर दारूगोळ्याइतकीच कपड्यांची होती. युरोपातून मागवलेले हिमपोशाख येईपर्यंत सगळे अडून होते. ते १२ एप्रिलच्या संध्याकाळी पोचले आणि १३ एप्रिलच्या सकाळी हेलिकॉप्टरांनी पहिली तुकडी बिलाफोंड खिंडीकडे नेली. त्या हिमनदीवर तेव्हापासून शत्रूच्या गोळीपेक्षा थंडीने, कडे कोसळून आणि विरळ हवेने गेलेले जवान अधिक आहेत.