डॉसनची आग आणि अग्निशामकांची कसोटी

आग विझविण्यास पाणी लागतें हें सर्वांस ठाऊक आहे. पण जेथें पाणीच गोठतें, तेथें बंब असून उपयोग किती? कॅनडाच्या वायव्य कोपऱ्यांतील यूकॉन प्रदेशांत, सोन्याच्या शोधार्थ आलेल्या लोकांनीं वसविलेलें डॉसन हें नगर २६ एप्रिल १८९९ रोजीं पेटलें. गांवांत वाफेचा बंब होता, नळ्या होत्या, शेजारीं नदी होती. परंतु वेतनाच्या तंट्यामुळें बंबावरील माणसें कामावर नव्हतीं आणि बॉयलर थंड पडला होता. वाफ धरेपर्यंत नळ्यांतील पाणी गोठलें व नळ्या फुटल्या. ११७ इमारतींची राख झाली. यंत्राचें बळ शेवटीं तें चालविणाऱ्या माणसांत असतें, हा धडा डॉसनला त्या आगीनें दिला.

मग माणूस तयार आहे हें ओळखावें कसें? अमेरिकेंत १८९६ सालीं स्थापन झालेल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन या संस्थेनें १९७४ सालीं अग्निशामकाच्या पात्रतेचे नियम प्रसिद्ध केले. नळी, शिडी, श्वसनयंत्र हीं साधनें उमेदवारास वापरतां येतात कीं नाहीं, हें त्यांवरून पारखलें जाऊं लागलें. कॅनडांतही हे नियम प्रमाण मानले गेले. मोठ्या शहरांतील पगारी दलांस ते झेपले. उत्तरेकडील लहान वस्तीचें दल मात्र बहुधा स्वयंसेवकांचें; दिवसभर आपापला धंदा करणारे मूठभर लोक, आणि शिक्षणाचें केंद्र फार दूर. संपूर्ण परीक्षेचाच आग्रह धरावा, तर गांवास दलच उरूं नये. आग्रह सोडावा, तर अशिक्षित माणसानें धुरांत शिरावें, असा हा पेंच होता.

यूकॉनच्या दक्षिणेस लागून असलेल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतानें २०१४ सालीं त्यावर तोड काढली. दलांच्या तीन पायऱ्या ठरविल्या. पहिल्या पायरीच्या दलानें आग बाहेरूनच विझवावी; दुसरीच्या दलानें साध्या, लहान घरांत शिरावें; तिसरीच्या दलानें सर्व प्रकारचीं कामें करावीं. आपलें दल कोणत्या पायरीचें, हें स्थानिक सत्तेनें ठरवून जाहीर करावें आणि त्या पायरीस लागेल तें शिक्षण अवश्य द्यावें.

यांत एक कठोर गोष्ट आहे. घरांत कोणी अडकलें असतांही पहिल्या पायरीच्या स्वयंसेवकानें धुरांत शिरावयाचें नाहीं. आणि लहान गांवांत तो अडकलेला माणूस बहुधा त्याच्या ओळखीचाच असावयाचा. परंतु न शिकतां आंत धांवणारा माणूस एका बळीचे दोन करतो. म्हणून अशा गांवांत धुरांडें साफ ठेवणें, धूर होतांच वाजणारी घंटा घरोघर लावणें, यांस बंबाइतकेंच महत्त्व येतें. आपलें दल काय करूं शकणार नाहीं, हें गांवाला आगीपूर्वीं ठाऊक असावें, यांतच या नियमांचें खरें मोल आहे.